आत्याचे खाकी कागद

२ फेब्रुवारी, रविवार

चार किलो सहाशे ग्रॅम! दोन माणसांच्या घरातला एका आठवड्याचा कचरा. आणि त्या दोघींतली एक मी, जी शुक्रवारीच वर्गात पृथ्वी वाचवण्यावर भाषण ठोकून आली आहे! सरांनी महिनाभर घरातला कचरा दर रविवारी मोजायला सांगितलाय. आकडे कॉलेजच्या वहीत लिहायचे. मनातलं इथे.

आत्या दारात उभी राहून बघत होती. "कचऱ्याला काट्यावर चढवलंस? मलाही चढव, वजन वाढलं असेल तर त्यात धर."

४ फेब्रुवारी, मंगळवार

शॉवर बंद, बादली सुरू. कॉलेजला चालत. पस्तीस मिनिटं, टाचेला फोड. पाणी घरून नेलं. भाजीची सालं कुंडीत. आत्या मला आता इन्स्पेक्टरबाई म्हणायला लागली आहे. "इन्स्पेक्टरबाई, दिवा लावायची परवानगी आहे का? सुईत दोरा जात नाहीये." मीच उठून लावला. दोराही ओवून दिला.

कॉलेजजवळ खोली मिळेना तेव्हा आत्याने एका शब्दावर ठेवून घेतलं, हे विसरता कामा नये. पुढच्या खोलीत तिचं शिवणकाम चालतं. दुकानातले तयार कपडे ज्यांच्या अंगाला बसत नाहीत, ते तिच्याकडे येतात. कुणाची पाठ वाकलेली, कुणाला एकच हात. हल्ली मात्र लोक कमी येतात. मशीन बराच वेळ झाकलेलं असतं.

५ फेब्रुवारी, बुधवार

पाऊण बादलीत आंघोळ. केस धुवून!

८ फेब्रुवारी, शनिवार

घबाड लागलं! आत्याने सकाळी शिवणाच्या खोलीतलं कपाट उघडलं. वरच्या फळीवर खाकी कागदांची ही थप्पी! "ते सगळे कागद खाली टाक गं," म्हणाली आणि भाजी आणायला गेली. तिचं मन बदलायच्या आत मी कामाला लागले. खाली जिन्याजवळ रद्दीची पेटी आहे. पाच फेऱ्या झाल्या. वजन अकरा किलो दोनशे! दुपारी गाडी येऊन सगळं घेऊनही गेली. सरांना फोटो पाठवला, त्यांचं "शाब्बास" आलं.

आत्याने रिकामी फळी बघितली. "झालंसुद्धा?"

"मग! तू सांगायचा अवकाश!"

ती ओलं फडकं घेऊन फळी पुसत राहिली. एवढी धूळ नव्हती खरं तर.

९ फेब्रुवारी, रविवार

एक किलो नऊशे. अर्ध्याहून कमी! आत्या नीट जेवली नाही. दात दुखतोय म्हणे.

११ फेब्रुवारी, मंगळवार

माझ्यासारखी मूर्ख मीच.

पोस्टातल्या बाई आल्या होत्या. वीस वर्षं आत्याकडूनच कपडे शिवून घेतात. थैल्या वाहून त्यांचा उजवा खांदा खाली आलाय. येत्या एकवीस तारखेला त्या निवृत्त होतायत, ऑफिसात निरोपाचा कार्यक्रम आहे, त्यासाठी नवा कोट हवाय. खुर्चीत बसल्या आणि म्हणाल्या, "काढा माझा कागद."

तेव्हा कळलं ते खाकी कागद म्हणजे काय. एकेका माणसाच्या अंगाचा साचा! तीन-तीन, चार-चार वेळा कपडा घालून बघून, चुका काढून, शेवटी बरोबर बसला की आत्या ते माप कागदावर उतरवून कापून ठेवायची. आख्ख्या आयुष्याचं काम. आणि मी त्याचं वजन करून सरांना फोटो पाठवला!

"खाली टाक" म्हणजे खालच्या फळीवर ठेव. खालची फळी रिकामीच तर होती! पण मला हल्ली 'टाक' म्हटलं की कचऱ्याचा डबाच दिसतो. मी पोस्टातल्या बाईंच्या देखत सगळं कबूल केलं. रडलेच. आत्या रागावली असती तर बरं झालं असतं. ती नुसती मशीनच्या झाकणावरून हात फिरवत होती. मग म्हणाली, "जाऊ दे गं. झालं ते झालं."

पोस्टातल्या बाईंचा चेहरा उतरला. "म्हणजे आता मी दुकानातला घालायचा? त्यात मी हँगरवरून घसरल्यासारखी दिसते हो."

१२ फेब्रुवारी, बुधवार

कॉलेज बुडवलं. पेटीवरचा पत्ता बघून रद्दीचं गोदाम गाठलं. वजनकाट्यापाशी एक मावशी बसल्या होत्या, दंडाला फडकं बांधलेलं. माझी कथा ऐकून त्यांनी कपाळावर हात मारला. "उद्या सकाळी गाडी भरते. मग गिरणीत लगदा! नशीब समज, खाकी माल आम्ही वेगळा बांधतो."

वेगळा म्हणजे चार गठ्ठे, प्रत्येक माझ्या उंचीचा! मावशींनी सुरी काढली आणि बांधलेले गठ्ठे माझ्यासाठी कापून मोकळे केले. पुन्हा बांधायचे त्यांनाच, हे माहीत असून! जेवणाच्या सुट्टीत आणि नंतर जमेल तसं त्या माझ्याबरोबर बसून शोधत होत्या.

आत्या कागदावर नाव लिहीत नाही. अंग लिहिते. मी मोठ्याने वाचत गेले.

"डावा हात नाही. बटणं एका हाताने लागली पाहिजेत."

"पाठीला बाक. मागून कुणी बघितलेलं आवडत नाही, कॉलर उंच."

"बसून काम. पोटाला जागा, पण सांगायचं नाही."

मावशी हसल्या. म्हणाल्या, "तुझी आत्या शिवते का तपासते गं?" आणि थोड्या वेळाने, दुसरीकडे बघत, "माझा हा दंड सुजलेला असतो. कुठल्याच बाहीत जात नाही. विचारशील का तिला?"

एकशे सतरा कागद सापडले. पोस्टातल्या बाईंचा नाही. तरी मावशींचे उपकार मी जन्मात फेडू शकणार नाही. निघताना पाया पडायला वाकले तर म्हणाल्या, "ऊठ, ऊठ, काट्यावर उभी आहेस."

१३ फेब्रुवारी, गुरुवार

काल गठ्ठा समोर ठेवला तेव्हा आत्या जमिनीवरच बसली. एकेक कागद उलगडायला लागली. "हा गेला बिचारा. हिला जुळी झाली, दोनदा साचा बदलला. हा अजून बारीक व्हायचं म्हणतो!" हसता हसता रडायला लागली.

"एवढ्या लांब कशाला गेलीस गं?"

मी दहाव्यांदा माफी मागितली.

"माफी पुरे. इस्त्री तापव."

आज दिवसभर चुरगळलेले कागद फडक्याखाली धरून इस्त्री केली. विजेचं गणित विचारू नये. मुद्दाम वेळ काढून दोघी बसलो होतो. फार छान दिवस.

१६ फेब्रुवारी, रविवार

दोन किलो शंभर. घरातली सगळ्यात धोक्याची वस्तू म्हणजे माझा उत्साह, असं आत्याचं मत. वहीत नोंदवलं नाही.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

पोस्टातल्या बाईंचं माप नव्याने घेतलं. मी! आत्याची बोटं आखडतात, म्हणून टेप माझ्या हातात दिली. पहिल्यांदा घेतलं तर दोन्ही खांदे जवळजवळ सारखे! आत्या माझ्या कानाशी म्हणाली, "माप देताना सगळे खोटं बोलतात. श्वास धरतात, खांदा उचलतात. बोलायला लाव, मग घे."

मी त्यांना नोकरीचा पहिला दिवस विचारला. एका कुत्र्याने त्यांची आख्खी गल्ली कशी अडवून धरली होती ते सांगायला लागल्या. हात हलायला लागले, हसू फुटलं, आणि खांदा हळूच खाली आला. "आता!" आत्या म्हणाली. एक इंच. जुन्या कागदावर पाऊण होता म्हणे. म्हणजे तो सापडला असता तरी कोट चुकलाच असता!

त्यांच्या अंगावरचा कोट चौदा वर्षांचा आहे. मी तोंडात बोट घातलं. आत्या म्हणाली, "अंगाला बसलेला कपडा कुणी टाकत नाही." माझी महिनाभराची भाषणं एका वाक्यात आटोपली हिने.

संध्याकाळी साचा आखला. तीनदा खोडला. कोपऱ्यात मीच लिहिलं: "उजवा खांदा एक इंच खाली. कुत्र्याबद्दल विचारणे."

२१ फेब्रुवारी, शुक्रवार

कोट बसला! पोस्टातल्या बाई आरशासमोर वळून वळून बघत होत्या. "अहो, मी सरळ दिसतेय!" कार्यक्रमाला उशीर झाला तरी हलेनात. गोदामातल्या मावशीही येऊन माप देऊन गेल्या. कुणाकुणाचे आभार मानू? सरांचेसुद्धा मानते.

२२ फेब्रुवारी, शनिवार

सकाळी दारात एक माणूस, मागे हातगाडी. "शिलाई मशीन न्यायला आलोय. बाईंनी महिन्याच्या सुरुवातीलाच सांगून ठेवलं होतं, काम कायमचं बंद करतायत म्हणून."

म्हणजे मी काहीच चुकीचं ऐकलं नव्हतं. आत्याने टाकायलाच सांगितले होते ते कागद! आणि मी रडून-भेकून ते सगळे परत आणले, तिने आणू दिले!

आत मशीन धडधडत होतं. ते न थांबवताच आत्या ओरडली, "कोण आहे गं? सांग त्यांना, बाई कामात आहेत!"