दम वापरात आहे

सोमवार
लागले एकदाची नोकरीला! रुग्णाला श्वास देणारी यंत्रं बनवणारी कंपनी, खिडकीजवळचं टेबल, चहाही बरा. असलंच एक यंत्र घरी ताईच्या उशाशी आहे, म्हणून तर हट्टाने इथे आले.
काम असं: कर्नल हा यंत्राच्या प्रोग्रामचा गाभा, त्याला मॉड्यूलं, म्हणजे प्रोग्रामचे सुटे भाग, जोडायची. एका मॉड्यूलने आपलं फंक्शन, म्हणजे त्याला येणारं एखादं काम, जाहीर केलं की बाकीच्यांनी ते खुशाल वापरायचं, शेजारणीची शिडी वापरावी तसं. इथे सगळी यंत्रं काकांच्या 'दम' फंक्शनवर चालतात. काका म्हणजे इथले जुने प्रोग्रामर, माझ्याच खुर्चीवर बसायचे. शेवटच्या आजारात ते आपल्याच यंत्रावर होते म्हणे. माणूस गेला, शिडी ठेवून गेला.

बुधवार
ताईचं यंत्र तपासलं. 'दम' वापरणारं मॉड्यूल एकच, पण कर्नल म्हणतो वापरणारे दोन. दुसऱ्याला नावच नाही. आणि वापरात असलेलं मॉड्यूल काढता येत नाही. मॅनेजरबाई म्हणाल्या, काकांच्या वाटेला जाऊ नकोस, चाललंय ते चालू दे. मी कोणाच्या बापाला भीत नाही, काका तर लांबच.

शुक्रवार
ताई म्हणते, यंत्र मधूनच एक श्वास चुकवतं आणि तेवढ्यात खोलीत दुसरंच कुणीतरी श्वास घेतं. मी कान दिला. खरंय. पलंगाशेजारच्या खुर्चीतून. रिकाम्या खुर्चीतून—
घाबरले. मग संताप आला. फुकटचा दम हवाय, तोही माझ्या ताईचा?

शनिवार, सकाळ
माझं वेगळं मॉड्यूल लिहिलं, त्यातलं फंक्शन कुणालाही जाहीर न केलेलं. काकांचं मॉड्यूल काढायला गेले, तर उत्तर: वापरात आहे. ठीक. वीजच तोडते. यंत्र माझ्या मॉड्यूलवर पुन्हा सुरू होईपर्यंत ताईला हाताने दाबायच्या पिशवीने श्वास देईन.

दुपार
यंत्र बंद. डाव्या हाताने पिशवी दाबतेय, उजव्याने लिहितेय. खुर्ची गप्प. ताई हसली. आता घे म्हणावं कुठून घेतोस ते!

डावा हात— मी दाबत नाहीये. तोच दाबतोय—

मधूनच थांबतो. ताईचा एक श्वास चुकतो. खुर्चीतून—

हात माझा आहे, मेल्या! मी तो कुणाला जाहीर केलेला नाही. पेन टाकून उजव्याने दाबते, आणि हा तुला मिळणार ना—