मोनाली घरी पोचायच्या आत

बाभुळगाव
रविवार, २७ एप्रिल २०२५

प्रिय धम्मरत्न,

सप्रेम जय भीम. तीन आठवडे तुझा फोन उचलला नाही, माफ कर. उचलला असता तर ओरडले असते. आईचा गुडघा आता बरा आहे. ऊन मात्र फार, वर्गातले पंखे गरम हवाच फिरवतात.

मोनालीचा विषय काढायचा नाही असं ठरवलं होतं. जमत नाही.

माझ्या बी.ए.च्या शेवटच्या वर्षाची पोरगी. तीन आठवड्यांपूर्वीच्या शनिवारी गावी जाताना दारव्ह्याला उतरली आणि तुझ्या मेडिकलमधून गर्भ राहू नये म्हणून तातडीने घ्यायची गोळी घेतली. बाभुळगावात सगळे दुकानदार ओळखीचे. तुझ्याकडे आली, कारण तू मॅडमचा भाऊ. या गोळीला डॉक्टरची चिठ्ठी लागत नाही. पोरगी एकवीस वर्षांची आहे. तू गोळी दिलीस आणि तिच्या बापाला, बळीरामदादांना, फोन केलास. ती जीपमधून उतरायच्या आत घरी कळलं होतं.

व्हॉट्सॲपवर तुझा आवाज ऐकला: "ताई, आपल्याच समाजाची पोरगी हाय. काळजीनं सांगतलं. तू काहून तापून राह्यली?"

काळजी? तुझ्या मुलाच्या, संघर्षच्या, बॅगेत निरोधचं पाकीट सापडलं तेव्हा तू हसून म्हणालास, "पोरगा शहाणा झाला." दुकानात पोरं तेच मागतात, तेव्हा कोणाच्या बापाला फोन लावतोस?

स्टाफरूममध्ये सहकारी म्हणाले, मोनालीने बहिणीसाठी घेतली असं सांगू. मीही मान हलवली. मग स्वतःची लाज वाटली. तिने स्वतःसाठी घेतली. लपवण्यासारखं त्यात काय आहे? तरी विचारते स्वतःला, हा राग तिच्यासाठी आहे की माझ्या भावाने माझं नाव खराब केलं म्हणून? दोन्ही असेल. पण तिचं नुकसान मोठं आहे.

काल तिच्या घरी गेले. बळीरामदादा खाटेवरून उठले नाहीत. "मॅडम, शिकाले पाठवली होती, हे कराले नाही. पेपर-बिपर बंद."

त्या दिवशी त्यांनी गोळी अंगणात फेकली होती. तिच्या आईने ती उचलून पाण्याच्या गिलासासोबत मोनालीच्या हातात दिली. काल तीच दारात उभी राहून नवऱ्याला म्हणाली, "पोटात राह्यलं असतं त त्या दुकानदारानं सांभाळलं असतं काय?"

त्यांनी तोंड भिंतीकडे वळवलं. मोनाली आतून सोमवारच्या पेपरचं पुस्तक घेऊन आली आणि माझ्याजवळ बसली.

तू बळीरामदादांकडे जा. गिऱ्हाइकाची गोष्ट बाहेर सांगितली, चुकलं, असं त्यांच्या तोंडावर म्हण. ते होईपर्यंत माझ्या पोरींना मी तुझं दुकान सांगणार नाही, आणि का नाही तेही त्यांना सांगेन.

तुझीच, आणि म्हणूनच इतकी चिडलेली,
ताई

ता.क. उद्या पहिल्या जीपने जाऊन मोनालीला दुपारच्या पेपरला घेऊन येणार आहे.