ह्यांच्या नंबरावर येणारा आकडा

२ मार्च
साखर कारखान्याची कॉम्प्युटरं चोरांनी बंद पाडली होती, ती आज सुरू झाली. शेतकी ऑफिसातला सलीम म्हणाला, "काकू, मशीननं सोताच सोताला दुरुस्त केलं. जुनी नक्कल काढून बसवली." ती नक्कल हे वारले त्याच्या आधीची. माझ्या नावावर झालेला ऊस पुन्हा ह्यांच्या नावावर. सभासद हयात. ऊसतोडीची चिठ्ठी माझ्या नावानं निघत नाही.

४ मार्च
सोनपेठच्या शेतकी ऑफिसात दुसरी खेप. मृत्यूचा दाखला दिला. सलीमनं नोंद केली, दाखवली. बरं कसं वाटणार, पण काम झालं.

५ मार्च
नोंद गेली. त्या चोरीनंतर मशीन रोज स्वतःला तपासतं. कुणी काही बदललं की चोराचं काम समजून पुसतं. सलीमनं पुन्हा लिहिलं. "आजार कोणता व्हता?" पुन्हा सांगितलं.

७ मार्च
पुन्हा हयात. मोठे साहेब येईपर्यंत इलाज नाही. कधी येणार, कुणाला माहीत नाही.
उसाला तुरे आलेत. आतून पोकळ. ऊसतोड टोळीचा मुकादम बांधावर आला. "वहिनी, हंगाम सरला, कारखाना बंद व्हायलाय. माझी माणसं घरी जायचं म्हणायलीत."

८ मार्च
सलीम म्हणाला, "राहू द्या काका हयात. त्यांच्या मोबाईलवर आकडा येईल, तो सांगा, चिठ्ठी काढतो." तो नंबर रिचार्ज करायचं मीच बंद केलं. वाजतच नव्हता, कशाला... आता दुसऱ्या कुणाला मिळालाय.
लावला. अनोळखी माणूस. सगळं ऐकून घेतलं. मग, "बाई, मेलेल्या माणसाच्या नावानं आकडा मागायलाव? असल्याच फोननं माझ्या मेव्हण्याला लुटलं." ठेवला.
त्याचं चुकलं नाही. पेपरात वाचून शेजारणींना मीच सांगत असते, आकडा कुणाला देऊ नका.

९ मार्च
सलीमनं आकडा परत पाठवला. मी परत फोन लावला. "बरं, मेसेजात कुणाचं नाव हाय, सांगा," म्हणाला.
ह्यांचं नाव घेतलं. सासऱ्यांच्या नावासकट, आडनावासकट. लग्नातल्या उखाण्यानंतर तोंडानं पहिल्यांदाच.
त्यानं मेसेज पुटपुटत वाचला. "नाव बरोबर हाय. पण नाव तर चोरालाबी माहीत असतंय." मग म्हणाला, "बायकोला इचारून सांगतो."
अजून फोन नाही. तिकडं टोळीनं ट्रॅक्टरात भांडी भरायला घेतलीत. मुकादम सकाळपर्यंत थांबतो म्हणाला. त्यापुढं न्हाई.