संध्याकाळची बस

५ ऑक्टोबर १९९६
आले एकदाची नोएडात! तिसरा मजला, दोन खोल्या, भिंतींना नव्या रंगाचा वास. खिडकीतून अर्धवट इमारती आणि त्यांच्यामध्ये अडकलेलं एक भाताचं शेत दिसतं. फोनही आजच लागला. खालच्या वैजयंतीकाकूंनी पोहे पाठवले. तीस वर्षं लक्ष्मीबाई नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये काढून त्या इथे आल्यात. एकटी मुलगी, कुठल्या पेपरची नोकरी नाही, तरी लढाईच्या बातम्या करते, याचं त्यांना फार नवल. चार आठवडे खोऱ्यात राहून आले, म्हटल्यावर त्यांनी आणखी पोहे वाढले.

८ ऑक्टोबर
लेख आला. पहिलं पान! सहा वर्षांनी खोऱ्यातली संध्याकाळची बस पुन्हा धावू लागली, रस्ता सुरक्षित आहे, असं लिहिलंय. संपादक राघव खूश. म्हणाला, तिकडून कुणीतरी चांगली बातमी आणली. ज्यांच्या घरी राहिले ते सनाउल्ला मास्तर आठवले. शाळा सुटल्यावर निघून लेकीकडे जायला तीच एक बस. मला म्हणाले होते, तुम्ही लिहा, मग मी बसेन.
त्या रस्त्यावरून मी गेले ती लष्कराच्या गाडीतून. बसमधून नाही. ते लिहायचं राहिलं. राहिलं म्हणजे — लिहिलं नाही.

११ ऑक्टोबर
दुपारी मास्तरांचा फोन! लाइनवर खरखर फार. लेख वाचला, म्हणाले. "तुम्ही लिहिलंत, म्हणून निघालो." किती बरं वाटलं. नंबर राघवने दिला असणार.

१२ ऑक्टोबर
राघवने सांगितलं. परवा, दहा तारखेला, ती बस उडवली. चौदा गेले. यादीत मास्तरांचं नाव.
मी म्हटलं, काल तर बोलले माझ्याशी. तो म्हणाला, तू थकलीयस. नंबर त्याने कुणालाच दिलेला नाही.

१४ ऑक्टोबर
पुन्हा फोन. पानिपतला पोहोचलो, म्हणाले. रस्ता चांगला आहे. मागे माणसं बोलत होती, एक बाळ रडत होतं. घर कुठल्या सेक्टरमध्ये, विचारलं. मी सांगितलं नाही. नक्की नाही सांगितलं.

१५ ऑक्टोबर
सकाळी फोन, कस्तुरबा गांधी मार्गावरून. जवळच आहोत, म्हणाले. *आहोत*.
फोनची वायर उपटली. लष्कराच्या गाडीचं सगळं खरं लिहून काढलं, राघवकडे नेऊन दिलं. तो म्हणाला, आता कोण वाचणार यार, जुनी गोष्ट झाली. काकूंनाही तेच सांगितलं. त्यांनी वरणभात जेवायला घातला, पाठीवरून हात फिरवला.

१६ ऑक्टोबर, दुपार
वायर हातात आहे आणि फोन वाजतोय.
उचलला. गेटवर आलो, म्हणाले. रागावलेले नाहीत. रागावले असते तर बरं —
मी म्हटलं, मास्तर, चुकलं माझं. ते म्हणाले, चालायचं, थोडं बसू, मग जाऊ.
जिन्यात पावलं. पुष्कळ. ते बाळ.
खालून काकूंची हाक. नेहमीसारखीच, मोकळी: "हेमांगी, तुझे पाहुणे आलेत गं. तिकडच्या थंडीतून आलेत बिचारे, हात बर्फासारखे गार. आत बसवलेत सगळ्यांना."
काकूंनी हात धरले. काकूंनी त्यांचे —
मी ओरडतेय, काकू, वर या, एकट्या वर या. त्या म्हणतात, थांब, चौदा जणांचा चहा टाकलाय, आणि हे म्हणतायत की मलाही त्यांच्याबरोबर बसनं जायचंय —