फळ्यावरचा पडताळा

प्रिय कात्री,

डावीकडे पाचसुद्धा भरेनात आणि उजवीकडे सात स्वस्थ बसलेले, म्हणून मी पेन्सिल ठेवली, गॅस बंद केला आणि पहिल्यापासून पुन्हा आकडे घातले. तेच आलं. शिकवणी सुटली होती, तुझे बाबा अंघोळीला गेले होते आणि पुढच्या खोलीत फळा तसाच भरलेला होता. शिकवणीनंतर फळा मी पुसते. आज ओलं फडकं हातात घेऊन उभी राहिले आणि परत आत आले.

गणित साधं आहे. क्ष अधिक सहा, छेद तीन, त्यात क्ष छेद दोन मिळवायचे, बरोबर सात. बाबांनी छेदातल्या तीनने वरचा सहा कापला, दोन उरवले, आणि क्षला हातही लावला नाही. उत्तर आलं तीन पूर्णांक एक तृतीयांश. तुला हे वाचताना हसू येईल. याच चुकीपायी तुझं नाव कात्री पडलं. आठवतं ना, पानभर अपूर्णांकांना सरळ रूप देऊन तू ऐटीत वही पुढे केलीस आणि ते म्हणाले, आली कात्री लावून! बेरजेत बांधलेली माणसं एका घरातली असतात, न्यायची तर सगळी न्या, त्यातल्या एकट्याला उचलून न्यायला छेद काय घरमालक लागून गेला? तू रडलीस. मग त्यांनीच तुला खांद्यावर घेतलं आणि घरभर कात्री, कात्री करत फिरले.

आज बेकरीवाल्याची मुलगी म्हणाली, सर, पुस्तकात उत्तर सहा दिलंय. ही मुलगी बोलते कमी. एकदा नापास झाली आहे, यंदा पुन्हा बसते आहे. बाबा म्हणाले, पुस्तक चुकलंय, माझं उत्तर लिहून घे. तिने खोडरबर घेतलं आणि बरोबर असलेलं खोडून चुकीचं लिहून घेतलं. मी दारात उभी होते. पुस्तक चुकलं असं त्यांनी पूर्वीही सांगितलंय, पण पडताळा घेतल्याशिवाय नाही.

तुला ठाऊक आहे, या घरात पडताळा माझ्याकडे असतो. लग्न झालं तेव्हा मला समीकरण सोडवता येत नव्हतं. ते म्हणाले, सोडवू नकोस, मी काढलेला आकडा क्षच्या जागी घाल आणि दोन्ही बाजू सारख्या येतात का तेवढं सांग. तेव्हापासून ते उद्याच्या गणितांचे कागद करतात आणि मी भाजी शिजेपर्यंत ते तपासते. सोडवायला मी केव्हा शिकले, कळलंही नाही. वर्षानुवर्षं मी नुसती बरोबरची खूण केली. गेल्या हिवाळ्यापासून तसं राहिलं नाही. कुठे वजाचं अधिक व्हायचं, कुठे छेदाने एकाच पदाला गुणलेलं असायचं. मी खोडून नीट करायचे, त्यांच्यासारखा पोटात आडवी रेघ असलेला सात काढून. त्यांना कळलं नाही. कळलं असेल तर बोलले नाहीत. कागदावरचं मला खोडता येतं. फळ्यावरचं येत नाही.

बाकी घर ठीक आहे. नळ दुरुस्त झाला. समोरची बाई तिची मांजर अजून आमच्याकडेच जेवायला पाठवते. बाबा रोज दाढी करतात, इस्त्रीचा शर्ट घालतात, ते या शिकवणीमुळेच. रविवारी शिकवणी नसते, त्या दिवशी ते दुपारपर्यंत पलंगाच्या कडेवर बसून राहतात. डॉक्टरांकडे चला म्हटलं तर म्हणतात, मला काय झालंय, तुझेच गुडघे दाखव. परवा जेवताना त्यांनी विचारलं, कात्रीची परीक्षा कधी संपते? आणि इकडे तू दातांची डॉक्टर, लोकांचे दात काढता काढता तुझे स्वतःचे केस पिकायला आले. मी म्हटलं, संपली. ते म्हणाले, कसे गेले पेपर? मी म्हटलं, चांगले गेले.

मी थकले आहे गं. कामाने नाही. एवढी वर्षं त्यांचं चुकतं का ते पाहत आले, ते चुकणार नाही या भरवशावर. आता रोज कागदाआधी खोडरबर हातात घेते. शिकवणी बंद करा म्हणायचं, तर त्यांचं काय उरतं? तसं न म्हणावं, तर त्या मुलीचं काय? फोन त्यांच्या खुर्चीशेजारी आहे, म्हणून हे लिहिते आहे. ते दुपारचे पडलेत. वर दिलेलं गणित तू सोडव. माझ्यावर विसंबू नकोस, नीट छेद घालवून सोडव. माझं चुकलं असेल तर फोन कर आणि मला पोटभर हस. माझं बरोबर असेल तर फोन करू नकोस. ये.

तुझीच,
आई

ता. क. पाकीट चिकटवायचं राहिलं होतं. आज सकाळी शिकवणीच्या मुली आल्या तेव्हा कालचं गणित फळ्यावर तसंच होतं. बाबा बराच वेळ त्याच्यासमोर उभे राहिले. मग आत वळून म्हणाले, अगं, बाहेर ये, पडताळा घे. मुलींसमोर त्यांनी मला कधी बोलावलं नव्हतं. मी आकडे घातले. बाजू जुळल्या नाहीत. त्यांनी खडू बेकरीवाल्याच्या मुलीला दिला आणि तिच्या जागेवर जाऊन बसले. तिने आधी छेद घालवला. उत्तर सहा आलं. पत्र टाकते आहे.