‘पुढं काय?’ न विचारण्याची शपथ

मेहकर, ता. भालकी

तीर्थस्वरूप सोजराअक्कास,

धाकट्या अंकुशचा तुझ्या आणि दाजींच्या पायांवर डोके ठेवून नमस्कार. दाजींचे गुडघे आता माडीचा जिना चढू देतात का? चढू देत नसतील तर त्यांना खालीच राहू दे, वर काय सोने ठेवलेय? तुझा खोकला गेला असेल असे धरून चालतो, कारण उदगीरच्या डॉक्टरपेक्षा तुझा काढा भारी आहे. इकडे सगळे खुशाल. तूर फुलात आहे, म्हैस दुधात आहे आणि मी, तुझ्या लेकीच्या कृपेने, तोंड मिटून आहे. का, ते सविस्तर लिहितो.

पल्लवी कलबुर्गीहून बॅग घेऊन उतरली तेव्हा आम्हाला वाटले, पीएच.डी.ने थकलेली पोर मामाकडे विसावा घ्यायला आली. तुझ्या भावजयीने, पद्माने, लगेच धपाट्यांचे पीठ मळले. खाऊन झाल्यावर पोरगी म्हणाली, "मामा, मी कामासाठी आलेय." तिचा विषय तुला ठाऊक असेलच. (नसेल तर मी सांगतो, आता मला पाठ झालाय.) अठरा ते एकोणतीस या वयाची माणसे धड लेकरे नसतात आणि धड मोठीही नसतात, या अवस्थेला पुस्तकात ‘उदयोन्मुख प्रौढत्व’ म्हणतात. (पद्मा म्हणाली, आमच्यात ह्याला रिकामं हिंडणं म्हणतात.) तिच्या मॅडमनी बजावले होते की संशोधन नुसते कपाटात राहून उपयोग नाही, ते माणसांच्या घरात चालून दाखवले पाहिजे. जगात एवढी घरे असताना ते चालायला आमच्याच घरात आले.

कारण उघड होते. आमचा माउली. चोवीस वर्षांचा, बी.कॉम. झालेला, रोज सकाळी आंघोळ करून, केस विंचरून, मोटरसायकल घेऊन भालकीला जातो आणि दुपार कलल्यावर येतो. काय करतो, विचारू नये. म्हणजे मी विचारायचो. सकाळच्या चहाबरोबर मी म्हणायचो, "पुढं काय?" आणि तो म्हणायचा, "बघू." दोन वर्षे बाप-लेकात दुसरे बोलणे नाही. बशीत बिस्किट नसले तरी चालेल, पण हा प्रश्न पाहिजेच, अशी सवय झालेली.

पल्लवीने मारुतीच्या देवळापुढच्या मंडपात सभा ठेवली आणि बाहेर फळा लावला : ‘अठरा ते एकोणतीस वयाच्या मुला-मुलींचा आणि पालकांचा मेळावा.’ अक्का, तूच सांग, असा फळा वाचून शहाण्या माणसाला काय वाटेल? मंठाळपासून माणसे आली. मुलींना काठपदराच्या साड्या, मुलांना इस्त्रीचे कडक शर्ट, आणि आयांच्या पिशवीत पत्रिका. आमचा शेजारी सिद्धाप्पा तर पोराला, महांतेशला, फेटा बांधून घेऊन आला होता. तो बिचारा फेट्याखाली घामाने निथळत कोपऱ्यात उभा. जनवाड्याच्या श्रीपतरावांनी मला बाजूला घेऊन हळूच विचारले की, सूत्रसंचालन करणारी ही चष्म्याची मुलगी कुणाची, गोत्र काय, आणि चष्मा कायमचा आहे की वाचायचा. मी म्हणालो, भाची आहे आणि संशोधक आहे. ते म्हणाले, असू द्या, आमचं काही म्हणणं नाही.

पल्लवी डगमगली नाही. (हे ती दाजींवर गेलीय.) तिने सरळ पोरापोरींना विचारले, "तुम्हाला आपण मोठे झालो असं वाटतं का?"  मग सिद्धाप्पाची थोरली, प्रतीक्षा, उठली. बीदरला कॉलेजात असते. म्हणाली, "ताई, घरात काम असलं की मी मोठी असते. मला कुठं जायचं असलं की लहान हाय." मंडपात एकदम हशा झाला, पण आया हसल्या नाहीत. मग पोरांना कंठ फुटला. एक म्हणाला, सगळं कळतंय पण कुणी इचारत न्हाई. दुसरा म्हणाला, सगळे इचारतात पण मलाच कळत न्हाई. महांतेशने फेटा काढून मांडीवर ठेवला आणि म्हणाला, "मला तेवढं लगीन सोडून काहीबी इचारा." सिद्धाप्पा कन्नडमध्ये काहीतरी पुटपुटला, ते मी लिहीत नाही.

शेवटी तुझ्या लेकीने पालकांना उभे केले आणि मारुतीसमोर शपथ घ्यायला लावली : पंधरवडाभर पोरांना ‘पुढं काय?’ विचारायचे नाही. पोर आपण होऊन बोलले तर मध्ये तोंड घालायचे नाही. मला वाटले, सोपे आहे. अक्का, मी चतुर्थीला उपाशी राहिलोय, विडी सोडलीय, पण हे असले कठीण व्रत पाहिले नाही. पहिल्याच सकाळी माउली समोर बसला, कप उचलला, आणि प्रश्न माझ्या दातांपर्यंत आला. मी तसाच उठून गोठ्यात गेलो आणि म्हशीला विचारले, "पुढं काय?" तिने मान हलवली. माउलीपेक्षा बरे उत्तर होते. दुसऱ्या दिवशीही म्हैस. मग पद्माला संशय आला की मला उन्हाची भोवळ येतेय. सिद्धाप्पाचे तर त्याहून वाईट. ‘पुढं काय’ विचारायचे नाही म्हणून त्याने महांतेशला ‘मागं काय झालं’ असे विचारले, आणि पोराने तीन वर्षांतले एकूण एक गाऱ्हाणे ऐकवले. दोन तास ऐकून सिद्धाप्पा आमच्या ओसरीवर येऊन पडला.

अशात एका संध्याकाळी मी वैरण टाकत होतो, तर माउली गोठ्याच्या दारात येऊन उभा राहिला.

"अप्पा, तुमाला बरं न्हाई का?"

"कामून रे?"

"मला पुढं काय म्हणून इचारलंच न्हाई तुम्ही. म्हशीसंगं बोलायलाव म्हणं. दवाखान्याला जाऊ या का?"

मी म्हणालो, काही झालं न्हाई. तो गेला नाही. पेंढीची काडी मोडत उभा राहिला आणि मग एकदम म्हणाला, "मला नर्सिंग करायचंय, अप्पा. कलबुर्गीला." मी हसलो. खरे सांगतो, मला वाटले चेष्टा करतोय. त्याचा चेहरा असा पडला की माझे हसू तोंडातच वाळले. मी काही बोलणार तेवढ्यात मारुतीची आठवण झाली आणि मी वैरणीचा भारा उराशी धरून गप्प उभा राहिलो. तो बोलत राहिला. मागच्या साली तुझ्या-माझ्या आईचे खुब्याचे हाड मोडले तेव्हा दवाखान्यात हाच तिच्याजवळ राहिला होता. तिथल्या सिस्टरनी त्याला माणूस न दुखवता कुशीवर कसे वळवायचे ते शिकवले. तेव्हापासून भालकीच्या एका दवाखान्यात हा रोज सकाळी फुकट मदतीला जायलाय. आणि मी समजत होतो, पोरगा स्टँडवर चहा पितो!

दुसऱ्या दिवशी मी म्हणालो, मलाही ने. तिथे एक म्हातारे गृहस्थ खाटेवरून ओरडत होते, "नमऽ माउली बंदना?" (आमचा माउली आला का?) माउलीने त्यांच्या पाठीखाली हात घातला, कानाशी काहीतरी कन्नडमध्ये म्हणाला आणि त्यांना असे अलगद वळवले, जणू पिकलेले सीताफळ पाटीत ठेवतोय. घरी हा दार आपटल्याशिवाय लावत नाही, अक्का. मी व्हरांड्यात येऊन उपरण्याने तोंड पुसले. ऊन फार होते.

परतल्यावर पल्लवीला सांगितले. मला वाटले, उडी मारेल आणि संशोधन सिद्ध झाले म्हणेल. ती एवढेच म्हणाली, "मामा, एका घरात झालं म्हणून सिद्ध होत नसतं." मग हळूच डोळे टिपले. तेवढ्यात तिच्या मॅडमचा फोन आला. पलीकडचा प्रश्न ऐकू आला नाही, पण तुझी लेक पायाच्या अंगठ्याने जमीन उकरत म्हणाली, "बघू, मॅडम." सत्ताविसावे चालू आहे ना तिला? चालायचेच. तू तिच्या लग्नाचे मला विचारायला सांगितले होतेस, ते शपथेमुळे राहून गेले. तू काही शपथ घेतलेली नाहीस, पण मारुती उदगीरलाही आहे.

दाजींना नमस्कार, लहानांना आशीर्वाद. तुरीची डाळ झाली की तुझा वाटा पोचता करतो.

तुझा भाऊ,
अंकुश

ता. क. : माउली पुढच्या आठवड्यात कलबुर्गीला प्रवेश घेतोय. मी हो म्हणालोय.

ता. क. दुसरे : पद्माला अजून नीट माहीत नाही. ‘दवाखान्याचं शिक्षण’ एवढेच मी सांगितले, आणि पोरगा डॉक्टर होणार म्हणून तिने गौरम्मापासून शांतम्मापर्यंत सगळ्यांच्या घरी पेढे वाटले.

ता. क. तिसरे, आणि एवढे तरी नीट वाच : काल तिला कुणकुण लागली. "ही अक्कल कुणाची?" म्हणून तिने मला विचारले. पल्लवीचे नाव घ्यावे तर पोर अजून आपल्या ताटात जेवायलीय. माझे घ्यावे तर मलाही जेवायचेय. म्हणून तुझे घेतले. "सोजराअक्कानं मागंच सांगितलं होतं, पोराला नर्सिंगला घाल," असे म्हणालो. पद्मा गप्प झाली, कारण तुला ती उलटून बोलत नाही. फोन केला नाही, कारण आमच्याकडे फोन पद्माच्या कानावरून जातो. तर अक्का, रविवारी ये, आणि आल्या आल्या, हातपाय धुवायच्याही आधी, पद्माला विचार, "काय गं, माझं ऐकलंस का न्हाई?"