रुखवतातला बारावा पेला

यज्द, ३ मेहर १३५२

सौ. विहीणबाई फरांगीसखानम यांस,
तूबाचा सा. न. वि. वि.

सूदाबे रश्तला सुखरूप पोचल्याचे कळले. सुनेला विश्रांतीसाठी माहेरी धाडले, असे मी चारचौघांत सांगते. आपण शाळेच्या मुख्याध्यापिका. आपल्यापासून खरे कारण लपवणे बरे नव्हे.

वसंतात लग्न झाले, तेव्हा आपण दिलेल्या चहाचे पाणी उकळायच्या समोवाराचे आणि बारा पेल्यांचे गल्लीभर कौतुक झाले. आज त्या पेल्यांना मोतीबिंदू झाल्यासारखे दिसते. समोवाराच्या पोटातून पांढऱ्या खपल्या निघतात. माझी नणंद अख्तर म्हणाली की, वहिनी, जुन्यालाच मुलामा देऊन तुमच्या गळ्यात मारलंय. मी तिला गप्प केले. पण शंका गप्प बसत नाही.

चहाची गोष्ट याहून अवघड. सुनेच्या चहावर तवंग येतो, घोट घशाला खरखरतो. तिने सकाळी चढवलेले चणे जेवणाच्या वेळीही दाताखाली वाजतात. ती चहात काही घालते का गं, असे अख्तरने विचारले. माझा फरामर्ज हल्ली बायकोच्या शब्दाबाहेर जात नाही, हे मलाही दिसते. घरात नळ आला आहे, गल्लीच्या टोकाच्या जुन्या हौदावर घागर घेऊन पायऱ्या उतरणे संपले. एवढ्या सुखात मुलीला हे का सुचावे?

समाधानकारक खुलासा आल्याखेरीज तिला पाठवू नये. पुरावा म्हणून एक पेला सोबत आहे.

आजवरचा लोभ पुढेही राखता यावा, असे उत्तर यावे.
तूबा

रश्त, १५ मेहर १३५२

सौ. विहीणबाई तूबाखानम यांस,
फरांगीसचा सा. न. वि. वि.

आपल्या पत्रात आरोप तीन आहेत आणि आधार एकालाही नाही. असा निबंध मी विद्यार्थिनीला परत करते.

ते पेले मी एकेक करून दुकानाच्या दारात उजेडाला धरून घेतले होते. शेवटी दुकानदार वैतागून म्हणाला की, बाई, पेले घेताय की जावई? आपण पाठवलेला पेला माझा नाही. माझे कोठे गेले, हे मी केवळ विचारते. अख्तरखानमच्या मुलीचे लग्नही याच उन्हाळ्यात झाले, असे सूदाबे सांगते.

आता मुलीविषयी. तिचे केस सुंभासारखे झाले आहेत, हातांना भेगा पडल्या आहेत. तिच्याकडून कोणती कामे करून घेता? विचारले तर म्हणते की, आई, मी काही केलेलं नाही गं. मी विचारण्याआधीच ती हे म्हणते, आणि तेच मला खटकते.

आपला पेला पाहुण्यांपुढे ठेवण्याच्या लायकीचा नाही. आंबट सिरक्यात मुरलेला लसूण त्यात काढून फळीवर ठेवला आहे.

उभयतांतला स्नेह पारखून घेण्याची वेळ आली आहे. तो खरा ठरावा.
फरांगीस

यज्द, २७ मेहर १३५२

सौ. फरांगीसखानम यांस सा. न. वि. वि.

माझ्या घरात चोर नाहीत. अख्तर आपले पत्र ऐकून जेवली नाही. शिकलेल्या बायकांची जीभ अशी असते होय, एवढेच म्हणाली.

सून गेली, पण दोष गेला नाही. मी स्वतः केलेल्या चहावरही तवंग येतो. माझ्या सासूबाईंच्या वेळची तांब्याची किटली, तीही आतून पांढरी पडली. समोवाराची संगत लागली, दुसरे काय? मुलीने जाताना काय करून ठेवले, ते तिला देवासमोर विचारा. आबान महिन्याच्या अखेरीस घरातली वडीलधारी मंडळी बसणार आहेत. फरामर्जने तोवर काही लिहू नये, असे मी त्याला बजावले आहे. आपले रुखवत परत नेण्याची व्यवस्था आपण पाहून ठेवावी.

नाते राहील की नाही ते मंडळी ठरवतील. माझा नमस्कार मात्र घ्यावा.
तूबा

रश्त, ८ आबान १३५२

सौ. विहीणबाईंस सा. न. वि. वि.

काल पेल्यातला लसूण संपला. पेला घासायला घेतला, तो खालचा अर्धा भाग लख्ख. सिरका जेथवर होता तेथवर. वर धुके तसेच. लख्ख भागात बुडाजवळचा बुडबुडा दिसला. तोच दोष दाखवून मी दुकानदाराकडून किंमत कमी करून घेतली होती. पेला माझाच आहे. अख्तरखानमविषयीचे वाक्य मी लिहिलेच नव्हते असे समजावे.

मग आपले पत्र पुन्हा वाचले. सून घरात नाही, तरी तवंग आहे. किटली आपली, तरी खपल्या आहेत. वसंतात आपल्या घरात सुनेखेरीज आणखी काय आले? आपणच लिहिले आहे: नळ.

सूदाबेला विचारले. ती म्हणाली की, नळ लग्नाच्या आधी आठवडाभर आला. हौदाचे पाणी आणू का, असे तिने एकदा विचारले होते. तेव्हा, नव्या नवरीनं घागरी वाहायच्या नसतात, नळ कशाला घेतलाय, असे म्हणून आपणच मायेने अडवलेत. नळातून येणारे जमिनीच्या पोटातले ते क्षारांचे जड पाणी पेल्यांवर, चण्यांत आणि माझ्या मुलीच्या केसांत बसले आहे, असा माझा तर्क. तर्कावर विश्वास ठेवू नका. हौदाच्या पाण्यात चणे शिजवून पाहा.

बसच्या ड्रायव्हरबरोबर लसणाची बरणी धाडत आहे. लसूण खावा, सिरका समोवारात ओतून उकळावा.

मुलगी यायला तयार नाही. ती म्हणते की, तिथं माझ्या हातचा चहा सगळे हुंगून पितात. यावर मजजवळ उपाय नाही.

बाकीचे आपल्या न्यायबुद्धीवर सोडते.
फरांगीस

यज्द, २० आबान १३५२

सौ. विहीणबाईंस तूबाचा सा. न. वि. वि.

बरणी पोचली. लसूण चार बोटे कमी होता, आणि ड्रायव्हरच्या तोंडाला वास येत होता. मी काही विचारले नाही. शंका घेण्याची माझी हौस सध्या भागली आहे.

चणे लोण्यासारखे शिजले. समोवारातून निघालेल्या खपल्यांनी वाटी भरली. अख्तर म्हणते की, सिरकाच मंतरलेला असणार. तिला मी यापूर्वी एकदा गप्प केले होते; या वेळी खपल्यांची वाटीच तिच्या हाती दिली.

मंडळींची बैठक मी मोडली. फरामर्ज शुक्रवारी सूदाबेला आणायला निघतो आहे. नळाचे पाणी आता अंगणाला आणि पाय धुवायला. चहाचे पाणी मी हौदावरून आणते; पायऱ्या पुष्कळ आहेत, पण उतरताना मला विचार करायला वेळ मिळतो.

सूदाबेबरोबर तो बारावा पेला तसाच पाठवावा, अर्धा धुरकट. वरचा भाग आपण घासू नये. ती आली की अख्तरला आणि साऱ्या गल्लीला बोलावणार आहे. चहा सूदाबे करील. पहिला पेला मी घेईन, त्याच पेल्यातून, आणि हुंगणार नाही.

तिच्या वाटेकडे डोळे आहेत. आपलाही लोभ तिच्यासोबतच यावा.
तूबा